पाठीतला स्क्रू

तेरखेड्याचं नाव निघालं की मराठवाड्यातल्या माणसाला आधी फटाका आठवतो. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यात, सोलापूर-धुळे महामार्गावर वसलेलं हे गाव दारूकामासाठीच ओळखलं जातं. दिवाळीची दुसरी एक वस्तू मला तितकीच मोलाची वाटते. तिच्याकडे मात्र इतक्या कौतुकानं कुणी पाहत नाही. ती म्हणजे किल्ल्यावरचा मावळा.

मावळे विकत घेणाऱ्या मुलाच्या तक्रारी ऐकून पाहाव्यात. भालदार बुरुजाहून उंच. घोडेस्वार आणि पायदळ एका मापाचे नाहीत. तलवार हातासकट एकाच साच्यातून निघालेली, म्हणून घरी येईपर्यंत मनगटापासून तुटते. मग मूल काडी तासून नवी तलवार करतं, एम-सीलनं हात जोडतं, पोस्टर कलरनं अंगरखा पुन्हा रंगवतं. जगभर ॲक्शन फिगर जमवणारे आणि त्यांत आपल्या हातानं बदल करणारे हौशी लोक कंपन्यांकडे जे मागतात, ते याहून निराळं नाही: सगळ्यांचं एक माप, सुटं होणारं शस्त्र, वळणारा सांधा आणि उघडता येणारं शरीर. यातली शेवटची मागणी मला सगळ्यांत मोठी वाटते. तिचं उत्तर एकेकाळी आपल्याच बाजारात मिळत होतं.

१९६४ साली हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीनं जी. आय. जो हा सैनिक काढला. मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत, या धास्तीनं त्याला बाहुली म्हणायचं टाळलं आणि ‘ॲक्शन फिगर’ हा शब्द रूढ झाला. तो जो फूटभर उंच होता. १९८२ साली आलेला नवा जो पावणेचार इंचांचा. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी १९८७ साली फनस्कूल स्थापन केली, गोव्यात कोरलीमला तिचा कारखाना उभा राहिला आणि पुढे हाच पावणेचार इंची जो भारतीय दुकानांत आला. साचे परदेशातले, रंग मात्र इथले. अमेरिकी मुलांनी कधी न पाहिलेल्या रंगजोड्या इथल्या पाकिटांतून निघाल्या. आज परदेशातले संग्राहक नेमक्या त्याच शोधत असतात.

या जोच्या पाठीत एक स्क्रू असे. तो काढला की छाती आणि पाठ वेगळी होत. आत एक काळं रबरी कडं, तेच कंबर नि पाय धरून ठेवी. कडं कुजलं की नवं घालायचं. एकाचे हात दुसऱ्याला बसवायचे, डोकं बदलायचं. चार सैनिकांतून पाचवा तयार होई. डिंकानं किंवा उष्णतेनं कायमचं बंद केलेल्या खेळण्यात हे सुख नाही, आणि ते मोडलं की कचऱ्यातच जातं. रबरी कड्याची ही घडण हॅस्ब्रोनं अलीकडे पुन्हा आणली. संग्राहकांनी ती सतत मागितली, हे त्यामागचं मोठं कारण असावं.

ऐकलं तर कंपनीचाही फायदा होतो. २०१८ साली हॅस्ब्रोनं स्टार वॉर्समधल्या जब्बाचं भलंमोठं जहाज दाखवून सांगितलं, आगाऊ पैसे भरणारे पाच हजार जण मिळाले तरच बनवू. मिळाले त्याहून अधिक. याच कंपनीनं पुढे पाकिटातलं प्लास्टिक हटवायचं ठरवलं आणि फिगर बंद खोक्यात गेल्या. हेतू चांगला होता. पण चेहऱ्याचा रंग सरकलाय का, डोळे सरळ आहेत का, हे पाहून निवडणाऱ्याच्या हाती नुसता पुठ्ठा आला. तक्रारी झाल्या आणि २०२३ साली खोक्यांना पुन्हा खिडक्या देण्याचं जाहीर झालं.

आपल्याकडे २०२० साली खेळण्यांवरचं आयात शुल्क २० वरून ६० टक्के झालं, २०२३ साली ७०. बाहेरची फिगर महागली; इथल्या कारखानदाराला ही संधी आहे.

कसब नवं शोधायला नको. तेरखेड्याच्याच जिल्ह्यात तेर आहे, जुनं तगर. रामलिंगप्पा लामतुरे यांनी तिथल्या पुरातन वस्तू जमवल्या, आज त्यांच्याच नावाचं शासकीय संग्रहालय गावात आहे. तेरला सातवाहनकाळातल्या पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती सापडल्या. पुढचा साचा वेगळा, मागचा वेगळा. दोन्ही अर्धे जोडून आतून पोकळ मूर्ती होई. जोची छाती-पाठ हीच रीत आहे, फक्त मधे स्क्रू आला.

मला तसाच पावणेचार इंची मावळा हवा आहे. सुटा पट्टा, सुटी ढाल, सुटा भाला. घोड्यावर नीट बसेल असा गुडघा. आणि पाठीत एक स्क्रू. मी पाच घेईन. एक पाकिटातच राहील, बाकीचे चार त्याच रात्री उघडेन.