पिनबॉलमधला रुसलेला स्विच

चेंडू लेनमधून जातो, पण गुण मिळत नाहीत. घरच्या पिनबॉल मशीनमध्ये अशा वेळी दोष बहुधा एका स्विचचा असतो.

1992 चं ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’ घ्या. 20 हजारांहून अधिक विकलेल्या या मशीनमधले बहुतेक स्विच 8 ओळी आणि 8 स्तंभांच्या जाळ्यात जोडलेले असतात. काच सरकवून, टेस्ट मेनू उघडून स्विच बोटाने दाबला की त्याचं नाव पडद्यावर दिसतं. अख्खी ओळ गप्प असेल, तर तुटलेली वायर किंवा बोर्ड तपासायचा. एकच गप्प असेल, तर आधी त्याचं सोल्डर पाहायचं, मग स्विच बदलायचा.

बदलताना आधी प्लग काढायचा, चेंडू बाहेर घ्यायचे आणि प्लेफील्ड उचलायचं. जुन्या जोडणीचा फोटो हवाच! स्विचच्या एकाच पायावर अनेकदा दोन वायरी असतात. त्यातली एक सुटली, तर पुढचे स्विचही बंद पडतात. स्विचला जोडलेल्या डायोडवरचा पट्टा जुन्यासारख्याच दिशेला ठेवायचा. एकाच वेळी अनेक स्विच दाबले गेले, तरी न दाबलेला स्विच दाबल्यासारखा वाटू नये, याची काळजी डायोड घेतो.

शेवटी स्विचची तार हलकेच वाकवायची आणि पुन्हा प्लग लावून चेंडू हाताने फिरवून पाहायचा. दर वेळी नोंद झाली, की काम फत्ते.