गाडी तुमची, बॅटरी भाड्याची!

दहा लाखांच्या आत ऐसपैस इलेक्ट्रिक कार! ऐकायला भन्नाट वाटतं ना? पण या किमतीत गाडीचा सगळ्यात महागडा पार्ट धरलेलाच नाही. तो पार्ट म्हणजे बॅटरी. ती तुम्ही विकत घ्यायची नाही. जितके किलोमीटर गाडी पळेल, तितकं तिचं भाडं भरायचं. हा सौदा आपल्या खिशाला परवडतो का? जालना ते शेंद्रा रोज अप-डाऊन करणाऱ्यांच्या हिशोबाने बघू या.

सुरुवात झाली सप्टेंबर २०२४ मध्ये. जेएसडब्ल्यू एमजी मोटरने ११ तारखेला ‘विंडसर’ लाँच केली. किंमत ९.९९ लाख रुपये, एक्स-शोरूम, आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये. याच कंपनीची पिटुकली ‘कॉमेट’ ४.९९ लाख अधिक किलोमीटरला अडीच रुपये अशा स्कीममध्ये आली. पुढच्याच महिन्यात विंडसरची बॅटरीसकट किंमत जाहीर झाली, १३.५० लाख. म्हणजे बॅटरी न घेतल्यामुळे सुरुवातीला वाचतात ३.५१ लाख.

जालनेकरांना ही आयडिया नवी वाटायचं कारण नाही. बोअर घ्यायचा की टँकर मागवायचा, हाच तो जुना प्रश्न! बोअरला एकदम मोठी रक्कम घालावी लागते, पण नंतर पाणी आपलं. टँकरला आज कमी पैसे लागतात, पण प्रत्येक खेपेला पाकीट उघडावं लागतं. बॅटरीचं भाडं म्हणजे टँकरच. फरक इतकाच, की इथे करार फायनान्स कंपनीबरोबर होतो आणि तो काही वर्षांचा असतो.

कॅल्क्युलेटर काढा!

३.५१ लाखांना साडेतीन रुपयांनी भागा. उत्तर येतं एक लाख. म्हणजे गाडी एक लाख किलोमीटर पळाली की भाड्यापोटी बॅटरीची पूर्ण किंमत भरून झाली. हा एक आकडा लक्षात ठेवला तरी निम्मं काम झालं.

आता समजा, तुम्ही जालन्यात राहता आणि नोकरी शेंद्र्याच्या ‘ऑरिक’मध्ये आहे. जायला साधारण ४५ किलोमीटर, यायला तेवढेच. महिन्याचे २२ दिवस धरले की झाले जवळपास दोन हजार किलोमीटर. भाडं आलं सात हजार रुपये. या वेगाने लाखाचा टप्पा चार वर्षं आणि दोन महिन्यांत गाठला जातो.

तेच ३.५१ लाख नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी कर्ज म्हणून घेतले तर? ईएमआय येतो अंदाजे ७,२९० रुपये. म्हणजे भाडं आणि हप्ता यांत महिन्याला फक्त तीनशेचा फरक! पण हप्ता पाच वर्षांनी संपतो आणि बॅटरी तुमची होते. भाडं कधी संपतं, ते करारात वाचावं लागतं.

पेट्रोलशी तुलना केली तर? पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि गाडीचं अॅव्हरेज १७ धरू. दोन हजार किलोमीटरला साडेबारा हजारांच्या आसपास खर्च येतो. इलेक्ट्रिकला शंभर किलोमीटरला १६ युनिट आणि युनिटला १२ रुपये धरले, तर वीज लागते ३,८४० रुपयांची. त्यात सात हजार भाडं मिळवा. झाले १०,८४०. म्हणजे दर महिन्याला वाचले दीड हजार. शेजारी सांगतो तसे आठ-साडेआठ हजार नाहीत! ती मोठी बचत त्याच्या खिशात जाते, ज्याची बॅटरी स्वतःची आहे आणि कर्ज फिटलेलं आहे.

कमी फिरणाऱ्यांचं काय?

आता उलटी केस घ्या. घर भोकरदन नाक्याजवळ, ऑफिस गावातच. महिन्याला जेमतेम पाचशे किलोमीटर. भाडं १,७५० रुपये, मस्त! पण थांबा. विंडसरच्या स्कीममध्ये काही फायनान्स कंपन्यांनी महिन्याला किमान १,५०० किलोमीटरची अट ठेवली होती. म्हणजे गाडी पार्किंगमध्ये उभी राहिली तरी बिल ५,२५० रुपये. पाचशे किलोमीटर चालवणाऱ्याला बॅटरी पडली किलोमीटरला साडेदहा रुपयांना! एवढ्यात पेट्रोल गाडी आरामात फिरली असती.

म्हणूनच ‘भाडं किती?’ हा अर्धाच प्रश्न झाला. ‘किमान किती?’ हा पूर्ण प्रश्न. फायनान्स कंपनी बदलली की अटी बदलतात. एकाच शोरूममध्ये दोन-तीन कोटेशन मागायला लाजू नका.

मग फायदा कोणाला?

ज्यांच्याकडे डाऊन पेमेंटला पैसे कमी आहेत, पण रनिंग भरपूर आहे, त्यांना ही स्कीम दार उघडून देते. बँकेकडून कमी कर्ज लागतं, हे नव्या नोकरदारासाठी छोटं सुख नाही. बॅटरीची धास्ती असणाऱ्यांनाही दिलासा वाटतो. पण विंडसरच्या पहिल्या मालकाला कंपनीने बॅटरीवर लाइफटाइम वॉरंटी दिली होती. वॉरंटी असेल, तर निव्वळ भीतीपोटी भाडं भरायची गरज उरत नाही.

आणखी एक गोष्ट. बॅटऱ्या स्वस्त होत चालल्या आहेत. ब्लूमबर्गएनईएफच्या २०२४ च्या पाहणीत बॅटरी पॅकचा जगातला सरासरी भाव किलोवॅट-तासाला ११५ डॉलर निघाला. विंडसरची बॅटरी ३८ किलोवॅट-तासाची. गुणाकार केला तर उत्तर त्या साडेतीन लाखांच्या जवळच येतं. उद्या भाव आणखी उतरला, तरी तुमच्या करारातलं भाडं आपोआप उतरत नाही!

युरोपने हा प्रयोग आधीच करून पाहिलाय. रेनॉने आपली ‘झोई’ ही इलेक्ट्रिक कार बॅटरी भाड्याने देऊन विकली. सुरुवातीला गाडी स्वस्त मिळाली, पण सेकंडहँड विकताना अडचण यायला लागली. नव्या मालकालाही भाड्याचा करार गळ्यात घालून घ्यावा लागायचा. पुढे कंपनीने बॅटरीसकट विक्रीचाच रस्ता धरला. आपल्याकडे दर चार-पाच वर्षांनी गाडी बदलायची फॅशन आहे, तेव्हा रीसेलचा मुद्दा आधीच डोक्यात हवा.

भांडण त्यांचं, फायदा आपला

भाड्याच्या स्कीमने एक काम मात्र झकास केलं. तिने बाजार हलवला. टाटाची ‘नेक्सॉन ईव्ही’ जानेवारी २०२० मध्ये आली तेव्हा सुरुवातच १३.९९ लाखांपासून होती. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘टियागो ईव्ही’ ८.४९ लाखांत आली. आणि विंडसर आली त्याच आठवड्यात टाटाने सणासुदीच्या ऑफरमध्ये नेक्सॉन ईव्हीची किंमत तीन लाखांपर्यंत उतरवली. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्राने चाकणमध्ये तयार होणाऱ्या नव्या इलेक्ट्रिक एसयूव्ही मैदानात उतरवल्या. २०२५ मध्ये व्हिएतनामची विनफास्ट आली. मुंबईच्या बीकेसीत टेस्लाचं शोरूमही उघडलं, अर्थात तिथल्या किमती आपल्या पगाराकडे बघत नाहीत!

पेट्रोलवालेही गप्प नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर तो आधीपासूनच ५ टक्के आहे. म्हणजे दोन्हींमधलं अंतर कमी झालं आणि ईव्ही कंपन्यांवर भाव उतरवायचं प्रेशर वाढलं.

आपल्या भागाला यात डबल इंटरेस्ट आहे. लोखंडी सळयांचं गाव असलेल्या जालन्याच्या शेजारी, छत्रपती संभाजीनगरला, जेएसडब्ल्यू ग्रीन मोबिलिटीच्या २७,२०० कोटींच्या ई-वाहन प्रकल्पाला राज्याने जुलै २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला टोयोटा किर्लोस्करनेही तिथे कारखाना उभारण्याचा करार केला. म्हणजे ज्या गाडीचा आज आपण हिशोब मांडतोय, तशाच गाड्यांच्या उद्योगात उद्या आपल्यापैकी काहींची नोकरी असू शकते.

समृद्धीवर गाडी सुसाट?

जालन्याला समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज आहे आणि ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला. राज्याच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणात समृद्धीवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. पण फास्टॅगमधून पैसे कापले गेले नाहीत ना, ते मेसेजमध्ये तपासत जा. कंपनीने सांगितलेली ३३० किलोमीटरच्या आसपासची रेंज ताशी १२० च्या वेगाने आणि एसी लावून मिळणार नाही, हेही पक्कं समजा. मधला चार्जिंगचा थांबा आधीच ठरवून निघा. शिवाय बॅटरी भाड्याची असेल, तर मुंबईची चक्करसुद्धा मीटरवर चढते!

सही करण्याआधी विचारा

* महिन्याला किमान किती किलोमीटरचे पैसे भरावेच लागतील?
* किलोमीटरचा दर मधेच वाढू शकतो का?
* कराराची मुदत किती आणि ती संपल्यावर बॅटरी कोणाची?
* गाडी मधेच विकली किंवा अपघातात गेली, तर उरलेलं भाडं कोण भरणार?
* इन्शुरन्समध्ये बॅटरी धरली आहे का?
* पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंटला सोसायटीची परवानगी आहे का? घरच्या मीटरवर चार्ज केल्यास वीजबिल वरच्या स्लॅबमध्ये जाईल का?

वरच्या किमती त्या-त्या वेळच्या आहेत, तेव्हा आजचा भाव शोरूममध्येच विचारा. पण हिशोबाची रीत तीच राहील. बॅटरीसकट किंमत वजा बॅटरीविना किंमत, भागिले किलोमीटरचं भाडं. येणारं उत्तर आणि तुमच्या सध्याच्या गाडीचं महिन्याचं रनिंग शेजारी-शेजारी मांडून बघा.

मग काय, या शनिवारी टेस्ट ड्राइव्हला निघताय? बिनधास्त जा. फक्त मागच्या तीन महिन्यांचं रनिंग एका कागदावर लिहून न्या. सेल्समनच्या ब्रोशरपेक्षा तो कागद जास्त कामाला येईल!