एका ओळीवर दोन हात

बंगळुरूच्या इंदिरानगरात शंभर फुटी रस्त्याच्या आसपास संगणकाच्या आज्ञावली लिहिणारी अनेक कार्यालये आहेत. अशा ठिकाणी एकच आज्ञावली एकाच वेळी अनेक माणसे लिहीत असतात. त्यांच्या लेखनाचा मेळ घालण्यासाठी जी साधने वापरली जातात, त्यांत लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ साली निर्माण केलेली ‘गिट’ ही प्रणाली प्रमुख होय.

गिटमध्ये प्रत्येक बदलाची नोंद होते. तिला ‘कमिट’ म्हणतात. अशा नोंदींची साखळी म्हणजे शाखा. समजा, आपण मुख्य शाखेपासून स्वतःची शाखा काढली आणि चार दिवस काम केले. तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांनी मुख्य शाखा पुढे नेली. आता आपले काम जुन्या पायावरून उचलून नव्या पायावर रचावयाचे, यालाच ‘रिबेस’ म्हणतात. गिट आपल्या नोंदी एकामागून एक नव्या पायावर पुन्हा उतरवीत जाते.

जेथे दोघांनी एकच ओळ वेगवेगळ्या रीतीने बदललेली असते, तेथे गिट थांबते. मूळ ओळ होती : ‘भाडे = अंतर × २’. सहकाऱ्याने दर वाढवून २ चे ३ केले. आपण त्याच ओळीत ‘− सवलत’ हे पद जोडले. गिट दोन्ही पाठ विशिष्ट चिन्हांच्या चौकटीत एकाखाली एक मांडते. रिबेसमध्ये वरचा पाठ नव्या पायाचा आणि खालचा आपला असतो. गिटच्या परिभाषेत मात्र येथे ‘आपला’ हा शब्द वरच्या पाठाला लागतो! या उलटापालटीमुळे पुष्कळांच्या हातून सहकाऱ्याचे किंवा स्वतःचेच काम पुसले जाते.

यांपैकी एक पाठ निवडून मोकळे होणे सोपे खरे. पण वरचा घेतला तर सवलत जाते आणि खालचा घेतला तर दरवाढ जाते. योग्य पाठ तिसराच आहे : ‘अंतर × ३ − सवलत’. तो लिहून चिन्हे काढावीत, आज्ञावली चालवून पाहावी, फाइल ‘ॲड’ करावी आणि ‘रिबेस --कंटिन्यू’ ही आज्ञा द्यावी. पुढच्या नोंदीपाशी पुन्हा संघर्ष उद्भवू शकतो. गोंधळ झालाच तर ‘रिबेस --अबॉर्ट’ ही आज्ञा आपल्याला पूर्वस्थितीत आणून सोडते.

मराठी वाचकाला हा प्रसंग अगदीच अपरिचित वाटू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ मध्ये आरंभलेले हे कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. वि. सी. सुखठणकर आदी संपादकांनी शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली. स्वीकारलेला पाठ वर छापला, पाठभेद तळाशी दिले आणि जेथे निर्णय निःसंदिग्ध नव्हता, तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ ओढली. तेथे गमावलेला मूळ पाठ शोधावयाचा होता, येथे नवा पाठ घडवावयाचा आहे. परंतु निर्णय माणसाचा, हे दोहोंकडे समान आहे.

म्हणून संघर्षाचे चिन्ह हा दोष नव्हे. ती यंत्राने दिलेली प्रामाणिक कबुली आहे. भय वाटावे ते चिन्ह न उमटणाऱ्या विसंगतीचे. सहकाऱ्याने दुसऱ्याच फाइलमध्ये अंतर किलोमीटरऐवजी मीटरमध्ये मोजावयास प्रारंभ केला, तर कोणताही संघर्ष दिसणार नाही, आणि प्रवाशाच्या अंतराचा आकार मात्र हजारपट होईल. यंत्र ओळी ताडून पाहते, अर्थ नव्हे. म्हणून रिबेस निर्वेध पार पडले तरी सहकाऱ्याचे बदल वाचावेत, आणि शंका असेल तर उठून त्याच्या टेबलाशी जावे.