पेरूचे जेवण आणि गुरुजींची साखर

परवा ओळखीचे एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. मुलाकडे अमेरिकेत तीन महिने राहून ते नुकतेच परतले होते. "डॉक्टर, तिकडं पेरूचं जेवण जेवलो," ते म्हणाले. बाकावरच्या आजींनी लगेच विचारले, "पेरूचं? भाजी का कोशिंबीर?" हा पेरू झाडावरचा नव्हे, दक्षिण अमेरिकेतला देश, हे सांगितल्यावर सगळेच हसले. पण गुरुजींनी पुढे जे सांगितले ते हसण्यासारखे नव्हते.

मुलगा न्यू जर्सीत नोकरीला आहे. तिथल्या पॅटरसन शहरात पेरूहून आलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे व त्यांची हॉटेलेही आहेत. एका रविवारी मुलाने वडिलांना तिकडे नेले. गुरुजींना बरीच वर्षे मधुमेह आहे. घरच्या सवयीप्रमाणे निघतानाच त्यांनी गोळी घेतली. वाटेत गर्दी, हॉटेलात रांग. जेवण पुढे यायला दीड तास लागला. तोवर गुरुजींना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, मुलगा काय बोलतो ते उमजेना. रक्तातली साखर उतरली होती. मुलगा सावध. टेबलावर जांभळ्या मक्याचे गोड सरबत आले होते, तेच त्याने पाजले. पंधरा मिनिटांत गुरुजी सावरले. एरवी मधुमेहाला वर्ज्य असलेले सरबत त्या दिवशी औषध ठरले!

मग ताटे आली आणि गुरुजी चकित झाले. सगळी ओळखीचीच मंडळी. उकडलेल्या बटाट्यावर चीज आणि पिवळ्या मिरचीचा दाट रस्सा. दुसऱ्या बशीत बटाट्यावर शेंगदाण्याचे वाटण. मुलाच्या ताटात परतलेले मांस, त्यातच तळलेला बटाटा आणि शेजारी भाताची मूद. यात नवल नाही. बटाट्याची शेती प्रथम झाली ती पेरू-बोलिव्हियाच्या डोंगराळ मुलखात, हजारो वर्षांपूर्वी. भुईमूग आणि मिरचीही अमेरिका खंडातलीच. आपल्या एकादशीच्या ताटातले बटाटा, रताळे, शेंगदाणे, राजगिरा आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, या सर्वांचे माहेर तिकडेच आहे.

म्हणूनच परमुलखातल्या हॉटेलात बावरण्याचे कारण नाही. नाव परके असले तरी पिष्टमय पदार्थ ओळखीचेच असतात, आणि साखर वाढवतात ते तेच. बाहेर जेवताना, मग ते पॅटरसन असो की सांगली, पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, गोळीची वेळ. ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या आणि जेवणाआधीचे इन्सुलिन घेऊन उपाशी राहणे धोक्याचे. बाहेर जेवायचे असेल तर ते केव्हा घ्यावे, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. खिशात साखरेची किंवा ग्लुकोजची पुडी असावी. घाम, थरथर, चक्कर जाणवताच तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी आणि मग जेवावे. काहीच हाताशी नसेल तर आपल्या तासगावचे मूठभर बेदाणेही चालतील. रुग्ण बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, तडक दवाखाना गाठावा.

दुसरी, ताटात भात, बटाटा, मका, रताळे यांपैकी एकच घ्यावे, तेही बेताने. भात आणि तळलेला बटाटा एकत्र म्हणजे साखरेला दुहेरी आमंत्रण. आपल्याकडची साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी ही जोडीही त्याच जातीची.

तिसरी, पेरूचा प्रसिद्ध पदार्थ सेविचे. यात कच्चा मासा लिंबाच्या रसात मुरवतात. मासा शिजल्यासारखा पांढरा दिसतो, पण लिंबाने सगळे जंतू मरत नाहीत. 1991 साली पेरूत पटकीची मोठी साथ आली. एका वर्षात तीन लाखांहून अधिक लोक आजारी पडले. मुख्य कारण दूषित पाणी होते, पण कच्च्या माशांवरही बोट ठेवले गेले. गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांनी कच्चा मासा टाळावा.

चौथी, शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी रस्सा कशाचा आहे हे आधी विचारावे. वाटणातला दाणा डोळ्यांना दिसत नाही.

जाता जाता गुरुजींनी पिशवीतून किन्वाचे पाकीट काढले. "हे महागडं धान्य खाऊ का?" मी म्हटले, "जरूर खा, पण मोजून. संपलं की पुन्हा मागवू नका. आपली चाकवत त्याच्याच कुळातली आहे. सोमवारच्या बाजारात जुडी मिळेल."