महाविद्यालयातील गणित आणि आपले विद्यार्थी

आपल्या चळवळीत साहित्यावर बोलले जाते, इतिहासावर बोलले जाते, कायद्यावर तर फारच बोलले जाते. गणितावर कोणी बोलत नाही. गणित हा जणू आपला विषयच नव्हे, तो हुशारांचा, शहरातल्यांचा, वरच्यांचा विषय आहे, असे आपण न बोलता मान्य करून टाकले आहे. ही मान्यता तपासून पाहण्याची वेळ आली आहे असे मला वाटते. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांपुढे गणिताच्या कोणत्या वाटा आहेत, त्या कोठे बंद होतात आणि त्या बंद झाल्याने आपले नेमके काय जाते, हे येथे साध्या शब्दांत मांडतो.

मी धाराशिव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात गणित शिकवतो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. माझ्या वर्गात भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतून आलेली मुले-मुली असतात. त्यांतील अनेकांचे आईवडील दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. या मुलांना गणित येत नाही, हे विधान मी मान्य करीत नाही. त्यांना गणितापर्यंत येऊ दिले जात नाही, असे म्हणणे अधिक खरे आहे.

विषय नाकारण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. शाळेत बाबासाहेबांना संस्कृत शिकायचे होते. ते अस्पृश्य म्हणून नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. तेथे नकार उघड होता. आज नकार उघड नसतो. 'तुला झेपणार नाही' अशा काळजीच्या भाषेत तो येतो. आमच्या जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचे माध्यम उर्दू होते. मराठी बोलणाऱ्या खेड्यातील माणसाला, त्यातही दलिताला, उच्च शिक्षण फारच दूर होते. १९५० साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले. तेच मिलिंद महाविद्यालय. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर, १९५८ साली आले. याचा अर्थ असा की आपल्या समाजाची महाविद्यालयीन शिक्षणाची उमर येथे जेमतेम तीन पिढ्यांची आहे.

आता वाटा पाहू. पहिला फाटा दहावीला फुटतो. काही वर्षे दहावीला 'सामान्य गणित' असा सोपा पर्याय होता. तो घेणाऱ्याला पुढे विज्ञानाची आणि तंत्रशिक्षणाची दारे जवळपास बंदच होत. नव्या अभ्यासक्रमाबरोबर तो पर्याय गेला. परंतु २०२४ सालच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात तीच कल्पना वेगळ्या रूपाने पुढे आली: गणितात वा विज्ञानात ३५ पेक्षा कमी पण २० पेक्षा अधिक गुण मिळालेल्यास अकरावीला जाऊ द्यावे, मात्र या विषयांवर आधारलेले शिक्षण त्याला घेता येणार नाही असा शेरा त्याच्या गुणपत्रिकेवर असावा. नापासाचा शिक्का वाचतो, ही त्यातली दया खरी आहे. पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी मारलेला तो शेरा आयुष्यभराचा होऊ शकतो. ज्याच्या शाळेत गणिताचा शिक्षकच वर्षभर नव्हता, त्यालाही तोच शेरा. हा शेरा कोणत्या वस्तीतल्या मुलांच्या गुणपत्रिकेवर अधिक दिसेल, हे सांगायला गणित येण्याची गरज नाही.

दुसरा फाटा अकरावीचा. येथे एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मंडळाचा 'गणित आणि संख्याशास्त्र' हा विषय कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांसाठी एकच आहे. वाणिज्य शाखेसाठी तो वेगळा आहे. म्हणजे कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही नियमाने गणित घेता येते. पुढे अर्थशास्त्राचा गंभीर अभ्यास करायचा असेल तर ते घ्यावेच. परंतु कनिष्ठ महाविद्यालयाने हा विषय कला शाखेत ठेवलाच नसेल, तर नियम कागदावर राहतो. प्रवेशाच्या वेळी हा प्रश्न विचारणारा पालक मला क्वचित भेटतो.

तिसरी वाट तंत्रशिक्षणाची. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेता येते. धाराशिवला शासकीय तंत्रनिकेतन आहे. पदविकेच्या पहिल्या वर्षातच मूलभूत आणि उपयोजित गणित शिकवले जाते. पदविका चांगल्या गुणांनी पूर्ण केली की अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. बारावीची सामाईक परीक्षा लागत नाही. त्याचप्रमाणे आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करणाऱ्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची सोय आहे. मात्र हा विद्यार्थी पदविकेचे पहिल्या वर्षाचे गणित न शिकताच वर चढतो आणि तेथे अडखळतो. त्याच्यासाठी महिनाभराचा जोडवर्ग कोणी घेतला, तर अनेकांची पदविका वाचेल.

चौथी वाट पदवीची. बी.एस्सी.ला कलनशास्त्र, विकलक समीकरणे, भूमिती असे सुरुवातीचे विषय आणि पुढे अमूर्त बीजगणित, वास्तव विश्लेषण असे विषय असतात. नावे ऐकून दचकू नये. कलनशास्त्र म्हणजे बदलाचा हिशेब. विहिरीचे पाणी रोज किती उतरते, आणि ते उतरण्याचा वेग वाढतो आहे की मंदावतो आहे, हे आमच्या जिल्ह्यातील प्रत्येक शेतकरी मार्च महिन्यात मनाशी मोजत असतो. कलनशास्त्र तेच काटेकोरपणे मोजते. अडचण कल्पनेची नसते, भाषेची असते. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला विद्यार्थी येथे एकदम इंग्रजी पुस्तकापुढे बसतो. फल आणि सीमा हे शब्द त्याने ऐकलेले असतात. फंक्शन आणि लिमिट या शब्दांनी तो गारठतो. पहिल्या सहा महिन्यांत गळती होते ती बहुधा येथे.

पाचवी वाट अगदी अलीकडची. नवे शैक्षणिक धोरण राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. त्यात मुख्य विषय, दुय्यम विषय आणि खुला ऐच्छिक विषय अशी मांडणी आहे. खुला ऐच्छिक विषय हा आपल्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. म्हणजे मराठी वा इतिहास मुख्य विषय असणारी मुलगीसुद्धा व्यवहारगणित किंवा संख्याशास्त्राची ओळख असा अभ्यासक्रम घेऊ शकते. महाविद्यालयाने तो चालवला पाहिजे, एवढीच अट. आणि अट येथेच अडते. जेथे एकटी कला शाखा आहे तेथे गणिताचा शिक्षक नाही. जेथे आहे तेथे तो अनेकदा तासिका तत्त्वावर असतो, आज आहे तर पुढच्या सत्रात नाही. धोरणात विषय आहे, वर्गात माणूस नाही, अशी स्थिती होते.

कोणी विचारील, हे सर्व कशासाठी? पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित असते, स्पर्धा परीक्षांत असते, म्हणून हवे, हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणात हिशेब असावा अशी मागणी केली, तेव्हा त्यांच्यासमोर नोकरीपुरते गणित नव्हते. त्यांच्यासमोर सावकाराची वही होती. ती वही अजून मिटलेली नाही.

गावात 'शेकडा पाच' या दराने पैसे मिळतात. ऐकायला पाचच रुपये. पण ते महिन्याचे असतात. म्हणजे वर्षाचे साठ टक्के. व्याज न भरता त्यावर व्याज चढत गेले, तर दहा हजारांचे बारा महिन्यांनी सुमारे १७,९५९ रुपये होतात आणि पंधराव्या महिन्यात दामदुप्पट होते. हे काढायला घातांक लागतो. नववीच्या पुस्तकातला तोच घातांक, जो परीक्षेनंतर विसरला जातो.

उसाचा हिशेब घ्या. समजा, एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, मुकादमाकडून एक लाखाची उचल घेतली. समजा टनाला ३६० रुपये मिळतात आणि जोडी दिवसाला दोन टन तोडते. दिवसाचे ७२० रुपये झाले. त्यातून खाण्यापिण्याची खर्ची दिवसाला शंभर रुपये धरली, तर उचल फिटायला १६२ दिवस लागतील. हंगाम १३० दिवस चालला, तर ८०,६०० रुपये फिटतात आणि १९,४०० रुपये अंगावर राहतात. आजारपणाचे, पावसाचे खाडे वेगळेच. म्हणजे दोघेही एक दिवस न चुकता राबूनसुद्धा पुढच्या वर्षी बांधलेलेच. हा नशिबाचा खेळ नाही. उचल देतानाच त्या आकड्यांत ते लिहिलेले असते. ते आधी वाचता येणे म्हणजे गणित.

तिसरे उदाहरण शिकलेल्यांचे आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर ५ मार्च २०१८ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने आदेश काढला: अध्यापकांच्या आरक्षणासाठी संपूर्ण संस्था नव्हे, तर एकेक विभाग हे एकक धरावे. टक्का बदलला नव्हता, १५ होता तो १५च राहिला. मग बिघडले कोठे? सहा जागांच्या विभागात १५ टक्के म्हणजे ०.९, एक पूर्ण होत नाही. अनुसूचित जातीची पहिली जागा सातव्या बिंदूला येते, कारण सातांचे १५ टक्के १.०५ होतात. असे सहा जागांचे दहा विभाग असले, तर साठ जागांत अनुसूचित जातीची एकही जागा नाही. संस्था हे एकक धरले, तर त्याच साठ जागांत नऊ. अनुसूचित जमातीची पहिली जागा तर चौदाव्या बिंदूला. संविधानातील एका शब्दालाही हात न लावता, केवळ भागाकार कोठे करायचा हे बदलून, नऊ जागा शून्य झाल्या. देशभर आंदोलन झाले, आणि २०१९ साली संसदेने कायदा करून केंद्रीय शिक्षणसंस्थांसाठी संस्था हेच एकक ठरवले. ज्यांनी बिंदुनामावली मांडून दाखवली, त्यांच्यामुळे हा अन्याय लोकांना दिसला. घोषणेच्या मागे ते गणित उभे होते.

बाबासाहेबांनी 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध केला. त्यात चलनाचा, विनिमय दराचा, किमतींचा विचार आहे. आपण त्यांचे जे वारस म्हणवतो, त्यांनी आकड्यांपासून पळणे हे त्या वारशाला धरून नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना काही कामे सुचवतो. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी वस्तीत बसून दहावी झालेल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला या पाचही वाटा समजावून सांगाव्यात. कला शाखेत गणिताचा आणि खुल्या ऐच्छिकात संख्याशास्त्राचा विषय सुरू करावा, असा लेखी अर्ज विद्यार्थ्यांच्या सह्यांनिशी प्राचार्यांना द्यावा. मागणी कागदावर आली की उत्तरही कागदावर द्यावे लागते. प्रथम वर्षासाठी इंग्रजी-मराठी गणिती शब्दांची आठ-दहा पानी वही शिक्षकांनी मिळून तयार करावी. बुद्धविहारात वा समाजमंदिरात सायंकाळी अभ्यासिका चालतात, तेथे आठवड्यातून दोन दिवस गणिताला द्यावेत आणि सुरुवात व्याज, उचल आणि बिंदुनामावली यांच्यापासून करावी. पुस्तकातील आंबे आणि संत्री नंतर आली तरी चालतील.

यातील कोणत्याही कामाला शासनाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.