निवड पालकांची की शाळेची?

शाळेची निवड सरकारने न करता पालकांनी करावी, हे तत्त्व कोणाला पटणार नाही? या तत्त्वाची प्रदीर्घ कसोटी दक्षिण अमेरिकेतील चिली या देशात लागली. आणि तिचा निकाल शाळकरी मुलांनीच जगापुढे मांडला, हे विशेष.

१९७३ मध्ये जनरल पिनोशे यांनी लष्करी बंडाने सत्ता बळकावली. शिकागो विद्यापीठात मिल्टन फ्रीडमन यांच्या विचारांचे संस्कार घेतलेले अर्थशास्त्रज्ञ त्यांचे सल्लागार झाले. १९८१ पासून सरकारी शाळा नगरपालिकांकडे सोपविण्यात आल्या व अनुदान विद्यार्थ्यामागे देण्यास प्रारंभ झाला. मूल खाजगी शाळेत गेले, तर सरकारचा पैसाही तेथेच जाणार! स्पर्धेमुळे सर्वच शाळा सुधारतील, असा हा हिशेब होता.

परंतु दुकानदार गिऱ्हाइकाची परीक्षा घेत नाही. शाळा घेऊ शकते, याचा या हिशेबात विसर पडला. अनुदानित खाजगी शाळा मुलांच्या प्रवेशपरीक्षा आणि पालकांच्या मुलाखती घेऊ लागल्या. १९९३ नंतर अनुदानाच्या जोडीला फी आकारण्याचीही त्यांना मोकळीक मिळाली. १९८१ मध्ये चारांपैकी तीन मुले सरकारी शाळांत होती. तीस वर्षांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास घसरले. मागे राहिली ती प्रामुख्याने गरिबांची मुले.

१९९० मध्ये लोकशाही परतली, तरी मूळ रचना कायम राहिली. तिला पहिला मोठा हादरा दिला तो २००६ मध्ये माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांनी. गणवेशावरून लोक त्यांना ‘पेंग्विन’ म्हणत. २०११ मध्ये विद्यापीठांतील विद्यार्थीही रस्त्यावर उतरले. शिक्षण हा हक्क की विक्रीचा माल, हा प्रश्न आता कोणत्याच पक्षाला टाळता येईना. २०१५ च्या कायद्याने अनुदानित शाळांतील नफेखोरी, फी आणि विद्यार्थ्यांची पारख टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले. जागा अपुऱ्या असतील तेथे सोडत आली. विद्यार्थी चळवळीतील नेते गाब्रिएल बोरिक २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षही झाले.

या सुधारणेवरील आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही. परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या नामवंत सरकारी शाळा या गरीब घरच्या हुशार मुलांची शिडी होत्या. ती काढून घेतली गेली, असे अनेक पालकांना वाटते. सोडतीने जागांचे न्याय्य वाटप होते. चांगल्या जागा वाढत नाहीत.

महाराष्ट्राला हा वाद परका नाही. शिक्षणहक्क कायद्यानुसार विनाअनुदानित खाजगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी असून त्या सोडतीनेच भरल्या जातात. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळांना यातून सूट देणारा नियम राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. हक्क वाचला, हे खरे. पण सोडतीत ज्याचे नाव निघत नाही, त्या मुलाचे काय? त्याच्या वाट्याला येणारी नगरपालिकेची वा जिल्हा परिषदेची शाळा चांगली असावी, यासाठी आपल्याकडे चळवळ कधी उभी राहणार?