कीबोर्ड निवडताना

चप्पल विकत घेताना आपण ती पायात घालतो, दुकानातच चार पावले चालतो, अंगठा रुतत नाही ना हे पाहतो, आणि मगच पैसे मोजतो. परंतु ज्या वस्तूवर रोज चार-चार तास बोटे चालवावयाची, ती मात्र आपण खोक्यावरचे चित्र व किंमत पाहून घरी आणतो. मीही असेच समजत होते की कीबोर्ड म्हणजे कीबोर्ड. अक्षर उमटल्याशी कारण. हा समज कसा चुकला आणि त्यातून मला काय शिकावयास मिळाले, ते विशेषतः वाणिज्य शाखेच्या मित्रमैत्रिणींना सांगावे, म्हणून हा लेख.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बेळगावहून बडोद्याला मावशीकडे गेले होते. मावशीचे घर घडियाळी पोळात आहे. पोळ म्हणजे जुन्या शहरातील अरुंद गल्ली. दोन्ही बाजूंस एकमेकांना टेकलेली घरे, आणि दोन कुटुंबांच्या मध्ये एकच भिंत. येथून मांडवी जवळच. ह्याच मांडवी भागात १९०८ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बँक ऑफ बडोदा सुरू झाली. त्या काळी जमाखर्च शाईने, हाताने लिहिला जाई. काकांचे कामही जमाखर्चाचेच. फरक इतकाच की ते घरी बसून लहान व्यापाऱ्यांची खाती संगणकावर ठेवतात. हिशेबाचा अनुभव मिळेल म्हणून मी त्यांना मदत करू लागले. बिले पाहून नोंदी करावयाच्या, आकडे ताडून पाहावयाचे, कधी एखादे मराठी पत्र टाइप करावयाचे. दिवसाचे पाच-सहा तास सहज जात.

दुसऱ्या आठवड्यात माझे उजवे मनगट दुखू लागले. रात्री अंगठ्याला व त्याशेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत. विसाव्या वर्षी हात दुखतात हे सांगावयाची मला लाज वाटे, म्हणून चार दिवस मी गप्प राहिले. शेवटी एके सकाळी हातातून दुधाचे पातेले निसटले, तेव्हा मावशीने डॉक्टरांकडे नेले. त्यांनी दोन प्रश्न विचारले : टेबल किती उंच आहे, आणि कळा किती जोराने दाबतेस? औषधापेक्षा हे दोन प्रश्नच मला अधिक उपयोगी पडले.

पहिला प्रश्न टेबलाचा. काकांचे टेबल लिहिण्यासाठी केलेले, म्हणजे उंच. त्यावर कीबोर्ड ठेवला की खांदे वर उचलले जातात आणि मनगट वाकते. पूर्वी टाइपरायटरची टेबले लिहिण्याच्या टेबलांपेक्षा बुटकी करीत, ती उगीच नव्हे. नवे टेबल घेणे शक्य नव्हते. मावशीने खुर्चीवर जाड उशी ठेवली आणि पाय अधांतरी राहू नयेत म्हणून पायांखाली जेवणाचा जुना पाट दिला. आता कोपर काटकोनात आले आणि मनगट सरळ राहू लागले. कीबोर्डाच्या मागच्या बाजूस दोन लहान पाय असतात. ते उभे केले की कीबोर्ड छान तिरपा दिसतो, परंतु मनगट मात्र वरच्या बाजूस मुडपते. तेही मिटवून टाकले. एक पैसाही खर्च न करता निम्मे दुखणे गेले. म्हणून माझे पहिले सांगणे हे की, कीबोर्ड बदलण्याआधी बसणे बदलावे.

दुसरा प्रश्न जोराचा. तो समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. अमेरिकेत शोल्स याने रचलेला टाइपरायटर रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली बाजारात आणला. आपल्या देशात गोदरेजने १९५५ साली स्वतःचा टाइपरायटर तयार केला आणि २००९ च्या सुमारास त्याचे उत्पादन थांबविले. टाइपरायटरमध्ये बोटाचा जोर हाच यंत्राचा जोर. आपण कळ दाबतो तेव्हा त्या जोरानेच अक्षराचा दांडा उसळून फितीवर आदळतो. जोर कमी पडला तर अक्षर फिके उमटते. संगणकाच्या कीबोर्डाचे तसे नाही. तेथे कळ केवळ विजेची एक वाट जोडून देते. हळू दाबा की ठोसा मारा, उमटणारा ‘क’ तोच. जादा जोर अक्षराकडे जातच नाही. तो उलटून आपल्या सांध्यांत येतो. काका तरुणपणी गोदरेजच्या यंत्रावर टंकलेखन शिकलेले. ते आजही कळा अशा बडवितात की टेबलावरची चहाची बशी वाजते.

आता कीबोर्डाचे दोन मुख्य प्रकार पाहू. स्वस्त कीबोर्डात कळांच्या खाली रबराचे लहान लहान घुमट असतात, आणि त्यांच्या खाली विजेच्या रेषा छापलेले प्लॅस्टिकचे पातळ थर. घुमट पुरता दबला म्हणजे थर एकमेकांना टेकतात व अक्षर उमटते. म्हणजेच प्रत्येक अक्षराला बोट तळापर्यंत न्यावेच लागते, आणि प्रत्येक वेळी ते तळावर आपटते. दुसरा प्रकार मेकॅनिकल कीबोर्डाचा. त्यात प्रत्येक कळीला स्वतंत्र स्विच आणि स्वतंत्र स्प्रिंग असते. कळ एकंदर ४ मिलिमीटर खाली जाऊ शकते, परंतु अक्षर साधारण २ मिलिमीटरवरच उमटते. उरलेले अंतर बोटाला माघारी फिरण्यासाठी मोकळे असते. लांब वेळ टाइप करणाऱ्याला आराम मिळतो तो ह्या मोकळ्या जागेमुळे. मात्र तिचा उपयोग करावयास शिकले पाहिजे. मेकॅनिकल कीबोर्ड घेऊनही जो प्रत्येक कळ तळापर्यंत ठोकतो, त्याने पैसे वाया घालविले असे समजावे.

ह्या स्विचांची ओळख रंगांवरून होते. जर्मनीच्या चेरी कंपनीने ही पद्धत रूढ केली व पुढे इतर कंपन्यांनीही हेच रंग उचलले. मुख्य रंग तीन. लाल कळ सरळ, गुळगुळीत खाली जाते. तिला सुमारे ४५ ग्रॅम वजन पुरते. तपकिरी कळीला वाटेत एक बारीकसा उंचवटा लागतो; अक्षर उमटले हे बोटाला कळते, आणि उंचवट्यावर सुमारे ५५ ग्रॅम लागतात. निळ्या कळीला उंचवट्याबरोबर ‘टिक्’ असा आवाजही असतो. तिला सुमारे ६० ग्रॅम लागतात. आपल्याकडील दुकानांच्या गल्ल्यांवर व कचेऱ्यांत वर्षानुवर्षे दिसणारा टीव्हीएस गोल्ड हा कीबोर्ड ह्याच निळ्या जातीच्या कळांमुळे प्रसिद्ध झाला.

हे वजन घरच्या घरी पाहता येते. दहा रुपयांचे नाणे साधारण पावणेआठ ग्रॅमचे असते. एखाद्या कळीवर अशी नाणी एकावर एक हलकेच रचावी. सहाव्या नाण्याच्या सुमारास अक्षर उमटले तर कळ हलकी, आठ लागली तर जड. एका दुपारी काकांनी व मी हा उद्योग केला आणि गल्ल्यातील सारी नाणी कीबोर्डावर आली!

पंधरा ग्रॅमने असा काय फरक पडतो, असे कोणी विचारील. आपण वाणिज्याचे विद्यार्थी. हिशेब करून पाहू. मिनिटाला ३० शब्द, आणि इंग्रजी टंकलेखनात एक शब्द पाच कळांचा धरतात. म्हणजे मिनिटाला १५०, तासाला ९,०००, चार तासांत ३६,००० वेळा कळ दाबली जाते. दर वेळी १५ ग्रॅम जादा धरले तर दिवसाची बेरीज ५४० किलो होते. ही बेरीज केवळ समजुतीसाठी आहे. बोटे काही पोती उचलीत नाहीत. परंतु थेंबे थेंबे तळे साचे हे दुखण्यालाही लागू आहे.

मग सर्वांनी हलकी लाल कळच घ्यावी काय? तसेही नाही. ज्याचा हात जड आहे, त्याच्या बोटांच्या नुसत्या टेकण्यानेही लाल कळ अक्षरे उमटविते. हिशेबात एक शून्य जास्त पडले तर काय होते, हे आपणांस सांगणे नको. मी लाल कळांवर एक दिवस काम केले आणि संध्याकाळी ताळा करताना तीन चुका निघाल्या. काकांच्या जुन्या कीबोर्डाच्या निळ्या कळांवर चुका कमी होत, कारण कान साक्ष देत असे. परंतु रात्री अकरा वाजता आमची टिकटिक सुरू झाली की सामाईक भिंतीपलीकडच्या वृद्ध बांची झोप मोडे. त्यांनी तक्रार केली नाही. एके दिवशी ओटल्यावर बसल्या असता त्या सहज म्हणाल्या, “बेटा, काल साडेबारापर्यंत काम होते वाटते.” आम्ही समजलो. वसतिगृहात राहणाऱ्यांनी व वाचनालयात काम करणाऱ्यांनी हा विचार जरूर करावा. शेवटी मला तपकिरी कळा मानवल्या : बोटाला खूण मिळते आणि शेजाऱ्याला त्रास नाही.

यानंतर आकाराचा विचार. पूर्ण कीबोर्डाला १०४ कळा असतात व उजवीकडे आकड्यांचा चौकोन असतो. तो नसलेले ८७ कळांचे आखूड कीबोर्ड हल्ली पुष्कळांना आवडतात. नुसते लेखन करणाऱ्याला ते चांगले, कारण माऊस जवळ येतो आणि खांदा ताणला जात नाही. परंतु हिशेब करणाऱ्याला आकड्यांच्या चौकोनावाचून चालत नाही. मधल्या ५ ह्या कळीवरचा उंचवटा बोटाला सापडला की कीबोर्डाकडे न पाहता आकडे भरता येतात. अशांनी पूर्ण कीबोर्ड घ्यावा व माऊस डाव्या हाताने चालविण्याची सवय करून पाहावी. मला आठ दिवस लागले.

आता एक मुद्दा खास आपल्यासाठी, म्हणजे मराठी व कन्नड दोन्ही लिहिणाऱ्यांसाठी. भारतीय लिपींसाठी इनस्क्रिप्ट नावाची कळांची मांडणी १९८६ साली पुढे आली, आणि १९९१ च्या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. हिच्यात स्वर डाव्या हाताला व बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत, आणि सर्व लिपींत एका उच्चाराची जागा एकच. ‘कमल’ हा शब्द मराठीत ज्या तीन कळांनी उमटतो, त्याच तीन कळांनी कन्नडमध्येही उमटतो. फक्त संगणकाला भाषा बदलावयास सांगावे लागते. एक मांडणी शिकली की दोन भाषा हाताशी येतात. माझे शालेय शिक्षण मराठीतून झाले व कन्नड मी शेजाऱ्यांकडून शिकले. कन्नड टाइप करणे मला ह्या मांडणीने एका आठवड्यात जमले.

पण ह्या मांडणीला एक किंमत आहे. ख, घ, थ, ण, ळ, श ही सारी अक्षरे शिफ्टची कळ दाबून येतात, आणि मराठीत ण व ळ किती वेळा येतात हे पाहावयाचे असेल तर हाच परिच्छेद तपासावा. शिफ्ट दाबते करंगळी, म्हणजे सर्वांत दुबळे बोट. शिवाय ‘विद्यार्थी’ ह्या एका शब्दाला दहा कळा लागतात, वर थ साठी शिफ्ट. म्हणून मराठी वा कन्नड लिहिणाऱ्याने कीबोर्ड पाहताना आधी दोन्ही शिफ्ट करंगळीने दाबून पाहाव्यात. त्या जड असल्या, एका कडेला दाबल्यावर अडकत असल्या किंवा खडखडत असल्या, तर तो कीबोर्ड कितीही देखणा असला तरी सोडून द्यावा.

राहता राहिली किंमत. साधारण दोन-तीन हजार रुपयांपासून पूर्ण आकाराचे मेकॅनिकल कीबोर्ड मिळतात. रंगीबेरंगी दिव्यांसाठी जादा पैसे देऊ नयेत. बोटांना दिवे दिसत नाहीत. त्यापेक्षा कळांच्या टोप्या पीबीटी प्लॅस्टिकच्या आहेत का हे विचारावे. एबीएस प्लॅस्टिकच्या टोप्या काही महिन्यांत घासून तेलकट चमकू लागतात. स्विच उपटून बदलता येत असतील तर अधिक चांगले. एक कळ बिघडली म्हणून सारा कीबोर्ड टाकावा लागत नाही. आणि शक्य असेल तर विकत घेण्यापूर्वी मित्राच्या कीबोर्डावर आपलेच काम तासभर करून पाहावे. दुकानात दोन ओळी टाइप करून काही कळत नाही. दुखणे पहिल्या पाच मिनिटांत येत नसते.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कीबोर्ड हे औषध नव्हे. अर्ध्या तासाने हात सोडून उठावे, बोटे उघडमीट करावी, खिडकीतून दूर पाहावे. मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होत असेल, तर कीबोर्डाची जाहिरात न पाहता डॉक्टरांना दाखवावे. मी चार दिवस लाजेने गप्प राहिले, ती चूक दुसऱ्या कोणी करू नये.

आपल्यापैकी बहुतेकांना पुढची तीस-पस्तीस वर्षे बँकेत, कचेरीत किंवा स्वतःच्या धंद्यात ह्याच दहा बोटांवर पोट भरावयाचे आहे. कीबोर्ड बिघडला तर नवा मिळतो. काका आता बशी न वाजविता टाइप करू लागले आहेत, पलीकडच्या बा वेळेवर झोपतात, आणि माझ्या हातातून पातेले निसटत नाही. तपकिरी कळांच्या त्या कीबोर्डावरच हा लेख मी टाइप केला आहे. पायांखाली, अर्थातच, पाट आहे.